खिशातल्या खेळाची संपादित प्रत

सोनीच्या पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २००७ साली जपानमध्ये आणि २००८ साली इतरत्र ‘क्रायसिस कोअर: फायनल फँटसी सेव्हन’ हा खेळ निघाला. त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि तरीही पुढची जवळपास पंधरा वर्षे त्याची अवस्था एखाद्या दुर्मीळ पोथीसारखी राहिली. त्याच्याविषयी बोलले जाई, त्याच्या नायकाच्या शेवटावर पानेच्या पाने लिहिली जात, पण नव्याने कुणाला तो खेळावासा वाटला तर सरळ मार्ग नव्हता. खेळ यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर आला होता आणि सोनीच्या डिजिटल दुकानात तो कधीच ठेवला गेला नाही. पीएसपीच्या जागी पुढे व्हिटा आला तेव्हा त्याला ही चकती चालत नव्हती. २०१४ मध्ये खुद्द पीएसपीचे उत्पादन थांबले. १३ डिसेंबर २०२२ रोजी स्क्वेअर एनिक्सने ‘क्रायसिस कोअर: फायनल फँटसी सेव्हन रियुनियन’ या नावाने त्याची नवी आवृत्ती काढली. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, संगणक आणि निन्टेन्डो स्विच अशा बहुतेक सगळ्या यंत्रांवर ती एकदम आली. आज हा खेळ पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला ही आवृत्तीच भेटते. म्हणून ‘जुना खेळ नव्या रूपात कसा दिसतो’ एवढ्यावर थांबून भागणार नाही. नव्या आवृत्तीने जुन्याचे काय केले, ते कोणत्या अधिकाराने केले आणि ते तपासायचे कसे, हे प्रश्न पुढील विवेचनाच्या मुळाशी आहेत. विवेचनात खेळाचा शेवट उघड केलेला आहे, कारण तो बाजूला ठेवून यातले काहीच नीट मांडता येत नाही.

तसा तो शेवट सुरुवातीपासूनच ठाऊक असलेला आहे. १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये झॅक फेअर हा तरुण केवळ इतरांच्या आठवणीत येतो, तो मेलेला आहे आणि त्याची प्रचंड तलवार क्लाऊड नावाच्या नायकाच्या खांद्यावर आहे. ‘क्रायसिस कोअर’ आपल्याला मागे नेतो आणि याच झॅकला आपल्या हाती देतो. शिन्रा नावाच्या सर्वसत्ताधीश कंपनीच्या ‘सोल्जर’ या खास तुकडीत तो नुकता वर चढतो आहे, उत्साही आहे, वरिष्ठांवर त्याचा भाबडा विश्वास आहे. त्याचा गुरू अँजील, अँजीलचा बालमित्र जेनेसिस, थोर योद्धा सेफिरॉथ हे तिघे एकामागून एक त्याच्या डोळ्यांदेखत ढासळतात. मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे माहीत असूनही त्याच्यावरची कादंबरी आपण शेवटपर्यंत वाचतो, ती काय घडणार यासाठी नव्हे. ते घडेपर्यंत तो माणूस कसा जगला, यासाठी. काझुशिगे नोजिमा यांची पटकथा आणि हाजिमे ताबाता यांचे दिग्दर्शन याच ताणावर उभे आहे. फरक एवढाच की इथे त्या माणसाला चालवणारे हात आपले असतात.

नव्या आवृत्तीकडे पाहण्याचे दोन सोपे रस्ते आहेत. एक, जुने चाहते धरतात तो: काय बदलले त्याची यादी करायची आणि प्रत्येक बदलावर हळहळायचे. दुसरा, बाजारपेठेतल्या परीक्षणांचा: चित्रे किती स्पष्ट झाली, हालचाल किती सफाईदार झाली हे मोजून गुण द्यायचे. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जुनी प्रत एकसंध होती. आपल्याकडे जुन्या ग्रंथांबाबत हा भ्रम फार पूर्वी गळून पडला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पण नकला करताना त्यात पाठभेद शिरले, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे ग्रंथकाराचे काय आणि नकलकाराचे काय, ही निवड त्यांना ओवीगणिक करावी लागली. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एक वेगळी प्रत छापली. ती एकनाथपूर्व आहे असे त्यांचे मत होते, आणि त्या प्रतीमुळे एकनाथांची निवडही तपासण्याजोगी झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये सुरू करून १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तर याच शिस्तीचा कळस आहे. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पडताळून सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी पाठ ठरवला. वगळलेले मात्र फेकून दिले नाही, पानाच्या तळाशी आणि परिशिष्टात छापले. माझे म्हणणे असे की खेळाची नवी आवृत्ती ही संपादित प्रत असते आणि तिला संपादनाचेच निकष लावले पाहिजेत: यंत्राने लादलेले दोष काढले का, कर्त्याने केलेली निवड राखली का, आणि जे वगळले ते पाहण्याची वाट उरली का.

यंत्राने लादलेले दोष भरपूर होते आणि ‘रियुनियन’ने ते मन लावून काढले आहेत. पीएसपीचा पडदा ४.३ इंचांचा आणि ४८० बाय २७२ बिंदूंचा. एका यूएमडीत जेमतेम १.८ गिगाबाइट मावत. उजव्या अंगठ्यासाठी काठीच नव्हती, त्यामुळे कॅमेरा हवा तसा फिरवता येत नसे, आणि ऐन लढाईत हवी ती जादू यादीतून सरकत सरकत शोधावी लागे. बरेचसे संवाद फक्त अक्षरांत होते. नव्या आवृत्तीत माणसे आणि जागा नव्याने घडवल्या आहेत, सगळ्या संवादांना आवाज मिळाला आहे, कॅमेरा मोकळा झाला आहे, जादू थेट बटणांवर आली आहे, ताकेहारू इशिमोतो यांच्या संगीताची मांडणी नव्याने झाली आहे. कथा आणि प्रसंगांचा क्रम जवळजवळ जसाच्या तसा आहे. पूर्वचित्रित दृश्ये तर जुनीच, फक्त मोठ्या पडद्यासाठी उजळलेली. इंग्रजी झॅकचा आवाज बदलल्याबद्दल पुष्कळ तक्रार झाली. ती सवयीची तक्रार आहे असे मला वाटते. जपानी प्रतीत केनिची सुझुमुरा यांचाच आवाज आहे आणि मूळ खेळ त्याच भाषेत घडला होता. या सगळ्या बाबतीत संपादकांचा हात सावध आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे.

अडचण येते ती ना केवळ यंत्राची, ना केवळ कर्त्याची अशी जी तिसरी गोष्ट असते, तिच्यापाशी. यंत्राच्या अपुरेपणातून एखादी युक्ती जन्मते आणि कर्ता त्या युक्तीतच अर्थ भरतो. ‘क्रायसिस कोअर’मध्ये ही गोष्ट म्हणजे डिजिटल माइंड वेव्ह, खेळाडूंच्या बोलीत डीएमडब्ल्यू. लढाई चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात तीन चाके सतत फिरत असतात, जुगाराच्या यंत्रावर असतात तशी. त्यांवर आकडे आहेत आणि झॅकच्या आयुष्यातल्या माणसांचे चेहरे आहेत. तीन सात जुळले की झॅकची पातळी वाढते. आतून अनुभवाचा हिशेब चाललेला असतो, पण तो खेळाडूला दाखवला जात नाही. चेहरे जुळण्याच्या बेतात आले की मूळ खेळात लढाई थांबते, चाके सगळा पडदा व्यापतात आणि आपण नुसते बघत राहतो. तिन्ही चेहरे एक झाले तर त्या माणसाच्या नावाचा निर्णायक वार मिळतो. कधी कधी त्याआधी एखादी आठवण उमटते: कुणाशी झालेले बोलणे, एखाद्या गावातली दुपार, एखादे अर्धवट राहिलेले वचन. हे कधी होणार ते आपल्या हातात नसते. राक्षसाच्या तोंडावर तलवार उगारलेली असताना मधेच झॅकच्या प्रेयसीचा, एअरिथचा, चेहरा येतो आणि सगळे थबकते.

या थबकण्यावर २००७ पासूनच टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. विसाव्या वेळी तेच दृश्य आले की माणूस कंटाळतो. नशिबावर सोडलेली वाढ कौशल्याचा अपमान वाटू शकते. ‘रियुनियन’ने ही टीका ऐकली. आता चाके कोपऱ्यातच फिरतात, लढाई अखंड चालते, चेहरे जुळले की वार साठून राहतो आणि खेळाडू आपल्या सोयीने बटण दाबून तो वापरतो. आठवणींची दृश्ये वगळताही येतात. लढाई म्हणून पाहिले तर ही सुधारणाच आहे, आणि शत्रूला वेळेत जखमी करून त्याचा मोठा हल्ला दुबळा करण्याची जी नवी सोय जोडली आहे तिच्याशी ती चांगली जुळते. पण मूळ रचनेत आठवण ही झॅकवर येऊन आदळणारी गोष्ट होती. माणूस आठवणी बोलावत नाही, त्या येतात. आणि आल्या की हातातले काम थांबते. छोट्या यंत्रावर थोड्या साधनांत उभारलेल्या त्या व्यवस्थेने हे कोणत्याही संवादापेक्षा नेमके सांगितले होते. आठवण बटणाखाली आली की तिचे शस्त्र होते. तीस-चाळीस तास आपण ते शस्त्र म्हणून वापरतो, आणि मग शेवट येतो.

त्या शेवटात मिडगार शहराबाहेरच्या कड्यावर शिन्राचे सैन्य झॅकला घेरते. कितीही शिपाई पाडले तरी नवे येत राहतात. हरणे ठरलेले आहे, तरी बटणे आपल्याच हातात आहेत. डीएमडब्ल्यू अजून फिरत असतो, पण आता तो बिघडू लागतो. चेहरे अडखळतात, पुसट होतात, एकेक माणूस झॅकच्या मनातून निघून जातो. चाके थांबत नाहीत आणि जुळतही नाहीत. अखेरपर्यंत टिकून राहतो तो एअरिथचा चेहरा, आणि तोही जातो. खेळाच्या नियमानेच मृत्यू सांगितला आहे, असा याच्या तोडीचा प्रसंग या माध्यमात क्वचित सापडतो. ‘रियुनियन’ने तो राखला आहे, नव्या चित्रांत तो देखणाही झाला आहे. तरी त्याचे वजन थोडे उतरले आहे असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण त्या प्रसंगात नसून त्याच्या आधीच्या तासांत आहे. ज्या चाकांनी वारंवार आपली लढाई अडवली, ज्यांच्यावर आपण वैतागलो, ती शेवटी स्वतःच अडखळली म्हणून घाव बसत होता. कोपऱ्यात निमूट फिरणारी चाके बंद पडली तर तेवढे काही तुटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बदल करणारे बाहेरचे कुणी नव्हते. पात्रांची आखणी करणारे तेत्सुया नोमुरा आणि निर्मितीप्रमुख योशिनोरी कितासे मूळ खेळातही होते. त्यांनाच हे योग्य वाटले तर आपण कोण? कर्त्याला आपली कृती सुधारण्याचा हक्क आहेच. पण कर्त्याने केलेली दुरुस्ती ही कृतीची दुसरी अवस्था असते, पहिली तिने रद्द होत नाही. आपले किती कवी उत्तरायुष्यात आपल्या कविता बदलत राहिले. अभ्यासक दोन्ही पाठ समोर ठेवतात आणि पहिला पाठ सरस ठरला तर तसे म्हणायला कचरत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे: ही व्यापारी वस्तू आहे, ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या नव्या रूपांच्या विक्रीला पूरक म्हणून ती काढली, तिच्यात पाठचिकित्सेची भाषा कशाला? झॅकच्या तलवारीचे रूप नव्या मालिकेशी जुळवून घेतले आहे, हे या आक्षेपाच्या बाजूचेच उदाहरण. पण मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानेही पुस्तके विकण्यासाठीच छापली आणि त्यांच्या पाठशुद्धतेचा लौकिक देशभर झाला. व्यापार आवृत्तीची वेळ ठरवतो. आतली निवड कशी झाली हे विचारण्याची गरज त्याने संपत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही या खेळात आहे, जिथे संपादकांनी हात लावला नाही. मूळ कथेला जोडून तीनशे लहान मोहिमा आहेत. बहुतेक काही मिनिटांच्या: ठरावीक गुहा किंवा ठरावीक मैदान, थोडे शत्रू, शेवटी एक मोठा. बसथांब्यावर किंवा लोकलच्या डब्यात यंत्र काढावे, एक मोहीम संपवावी, यंत्र झोपवून खिशात टाकावे, या वापरासाठी ती बांधणी होती. मोठ्या पडद्यासमोर सलग चार तास बसणाऱ्याला त्याच त्या भिंती दिसतात आणि तो वैतागतो. २०२२ च्या परीक्षणांत हा सूर सर्रास होता. मला मात्र त्या जशाच्या तशा ठेवल्या हे बरे झाले असे वाटते. ‘रियुनियन’ स्विचवर खेळला, किंवा हल्लीच्या हातात धरायच्या संगणकांवर, की मोहिमांचे माप पुन्हा बरोबर बसते. म्हणजे इथे दोष पाठात नव्हता, वाचण्याच्या रीतीत होता.

यंत्राचे काय आणि कर्त्याचे काय, या प्रश्नाला आपल्या कलेतिहासात एक सुंदर समांतर आहे आणि ते चंडीगढमध्ये घडले. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयातील चित्रे दोन देशांत वाटली गेली, आणि भारताच्या वाट्याला आलेली पहाडी लघुचित्रे अखेर ल कॉर्बुझिएने आखलेल्या, १९६८ मध्ये उघडलेल्या चंडीगढच्या सरकारी संग्रहालयात स्थिरावली. त्याच साली पंजाब विद्यापीठातले बी. एन. गोस्वामी यांनी पहाडी शैलीविषयीचा आपला सिद्धांत मांडला. तोवर चित्रे संस्थानांच्या नावाने ओळखली जात: बसोलीची, गुलेरची, कांगड्याची. गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळून पंडित सेऊ, माणकू, नैनसुख यांचा वंश जुळवला आणि दाखवले की शैली दरबाराची नसून घराण्याची आहे. चित्रकार दुसऱ्या राज्यात गेला तर शैलीही त्याच्याबरोबर जाते. खेळांची ओळख आज आपण यंत्राच्या नावाने करतो, ‘पीएसपीचा खेळ’, ‘स्विचचा खेळ’. गोस्वामींचा धडा असा की ठावठिकाणा बदलल्यावरही जे टिकते ते शोधा, ते घडवणाऱ्या हातांचे असते. डीएमडब्ल्यू पीएसपीच्या अपुरेपणातून जन्मला असला तरी त्यातला अर्थ त्या हातांचा होता.

हीच पहाडी चित्रकला पुण्यातल्या एका खेळात उतरली आहे, आणि आवृत्त्यांचा प्रश्न तिथे वेगळ्या रूपात भेटतो. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला, दोन महिन्यांनी इतर यंत्रांवर. तो ‘क्रायसिस कोअर’सारखा रोल-प्लेइंग जातीचा नाही, लढाई आणि साहस यांचा आहे. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधणारी राजी, तिला त्रिशूळ देणारी दुर्गा, आणि हे सारे वरून पाहत कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. मधली दृश्ये सावल्यांच्या बाहुल्यांची. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होते. पहिल्या आवृत्तीत हे देव इंग्रजीत बोलत होते; सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. ‘रियुनियन’मध्ये भर घालताना काही अर्थ निसटला, इथे भर घातल्याने कृती आपल्या मूळ कल्पनेच्या जवळ गेली. पुण्यात घडलेल्या या खेळात दुर्गा मराठीत कधी बोलेल, ही अपेक्षा मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

राहतो निकषाचा तिसरा भाग, वगळलेले पाहण्याची वाट. खेळांच्या जगात याची उत्तम उदाहरणे आहेत. २००९ च्या ‘मंकी आयलंड’च्या विशेष आवृत्तीत आणि २०११ च्या ‘हेलो’च्या वर्धापन आवृत्तीत खेळता खेळता एक बटण दाबले की नवे चित्र जाऊन जुने येते. तळटीपेतला पाठभेद याहून हाताशी असू शकत नाही. ‘रियुनियन’मध्ये असे काही नाही, लढाई थांबवणारा जुना डीएमडब्ल्यू पर्याय म्हणूनही दिलेला नाही. आणि मूळ खेळ आजही कुठल्याच दुकानात अधिकृतपणे विकत मिळत नाही. हा माझा ‘रियुनियन’वरचा सर्वांत गंभीर आरोप आहे. एकनाथांची प्रत सर्वमान्य झाली, पण राजवाड्यांना दुसरी सापडू शकली, कारण कुठेतरी ती कुणीतरी जपली होती. खेळाचे जपणे कागदाहून कठीण आहे, कारण चकती वाचणारे यंत्रही जिवंत लागते. आपला अनुभवही तोच सांगतो. १९९९ मध्ये मुंबईत विशाल गोंडल यांनी सुरू केलेल्या इंडियागेम्सने बटणांच्या फोनसाठी कितीतरी खेळ केले. कंपनी यूटीव्हीमार्फत डिस्नेकडे गेली आणि ते फोन भंगारात गेले. त्या खेळांची संपादित प्रत काढायला मुळात प्रतच हवी. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय झाले, पी. के. नायर यांच्यासारखा झपाटलेला माणूस मिळाला, तरीही आपले बहुतेक मूकपट गेलेच. खेळांसाठी तर आपल्याकडे असे दालनही नाही.

मग वाचकाने कोणती प्रत हाती घ्यावी? ‘रियुनियन’, यात मला शंका नाही. आणि शक्य असेल तर हातात धरायच्या यंत्रावर, तुकड्यातुकड्यांनी, मोहिमा कथेच्या मधेमधे पेरून. आठवणींची दृश्ये पहिल्यांदा येतील तेव्हा वगळू नयेत, कितीही घाईची लढाई असली तरी. पुढील विवेचनात मूळ आणि नवा पाठ प्रसंगवार समोरासमोर ठेवला आहे, आणि जिथे दोन्हींत फरक पडतो तिथे मी कोणत्या बाजूने आहे आणि का, ते सांगितले आहे. ज्याला जुना पीएसपी आणि ती चकती मिळेल त्याने निदान निबेलहाइम गावातल्या प्रसंगापासून शेवटच्या कड्यापर्यंतचा भाग मूळ रूपात खेळून माझी बाजू खोडून काढण्याचा प्रयत्न जरूर करावा.